शाळेचं छत, मागचं मैदान आणि नगरपरिषदेचं अंदाजपत्रक

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

‘आमच्या नगरपरिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली ते सातवीची २४० मुलं आहेत, त्यात १२० मुली. पावसाळ्यात दोन वर्ग गळतात. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही. शाळेमागे वीस गुंठे मोकळी जागा आहे. ती क्रीडांगणासाठी राखीव आहे असं सगळे म्हणतात, पण तिथे झुडपं आणि राडारोडा आहे. जूनमध्ये आम्ही ६०० सह्यांचं निवेदन दिलं. नगरसेवकांनी आमच्यासोबत फोटो काढला. मुख्याधिकाऱ्यांचं उत्तर आलं, “निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल.” घरपट्टीत आम्ही शिक्षण कर भरतो, मग तो पैसा जातो कुठे? आता उपोषणाला बसावं का?’

प्रिय ताई,

निवेदन जूनमध्ये गेलं, पहिली अडचण तिथेच झाली. नगरपरिषदेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि त्या वर्षाचं अंदाजपत्रक आधीच्या हिवाळ्यात ठरतं. विभागांच्या मागण्या साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोळा होतात, जानेवारीत त्यांची काटछाट होते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीला येतं. जूनमध्ये आलेल्या कागदाला त्या वर्षात जागाच उरलेली नसते. ‘निधी नाही’ याचा कार्यालयीन अर्थ बहुतेक वेळा ‘या कामाच्या नावाने तरतूद नाही’ एवढाच असतो. मुख्याधिकाऱ्यांची इच्छा असली तरी तरतुदीशिवाय लेखापाल बिल काढू शकत नाही. म्हणून तुमचं पुढचं सगळं काम एकाच दिशेने न्या: तुमच्या शाळेचं आणि मैदानाचं नाव अंदाजपत्रकाच्या ओळीत, रकमेसकट, छापून आलं पाहिजे.

अजून पाऊस आहे, तेवढं एक बरं. छत कुठून गळतं ते आत्ताच दिसतं. डिसेंबरात अभियंता पाहायला येईल तेव्हा छत कोरडं असेल आणि ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा पडेल. या महिन्यातच शाळा व्यवस्थापन समितीचे दोन-तीन पालक आणि मुख्याध्यापक मिळून एक पाहणी करा. खोली क्रमांक, तारीख आणि गळतीची जागा दिसेल असे फोटो घ्या. टेपने छताची लांबी-रुंदी मोजा. मग आतून स्लॅबकडे नीट पाहा. नुसता ओलावा आणि काळपट डाग असतील तर वरचा जुना कोबा काढून, उतार देऊन, नवीन वॉटरप्रूफिंग आणि पावसाच्या पाण्याचे मोकळे पाइप एवढ्याने भागतं. पण प्लास्टरचे पोपडे पडून गंजलेली सळई उघडी दिसत असेल तर वॉटरप्रूफिंग मागू नका. तिथे आधी संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, मागायचं आणि अहवाल येईपर्यंत त्या खोलीत मुलं बसवायची नाहीत, असा समितीचा ठराव करायचा. अनेक ठिकाणी सळई गंजलेल्या स्लॅबवर दर दोन वर्षांनी डांबरी पट्ट्या चिकटवण्यात पैसे जातात आणि शेवटी खोली पाडावीच लागते.

स्वच्छतागृहाचंही तसंच. ‘पाणी नाही’ एवढ्यावर अभियंता काहीच करू शकत नाही. नळजोडणी, खालची टाकी, मोटर, वरची टाकी, पाइप, नळ या साखळीत नेमकं काय तुटलंय ते शोधा. दिवसशाळेसाठी दरडोई रोज ४५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे. २४० मुलांचे होतात १०,८०० लिटर. छतावर एक हजार लिटरची एकच टाकी असेल आणि नळाला दिवसाआड पाणी येत असेल, तर नवीन भांडी बसवून उपयोग नाही, आधी साठवण वाढवायला हवी. मुलींसाठी दर चाळिशीमागे एक संच, म्हणजे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या, हे केंद्राच्या ‘स्वच्छ विद्यालय’ उपक्रमातलं प्रमाण आहे. तुमच्या १२० मुलींना तीन संच लागतात. आत्ता किती आहेत, त्यातले चालू किती, दाराला कडी आहे का, हे लिहून काढा.

ही सगळी मोजमापं ‘शाळा विकास आराखड्यात’ जायला हवीत. सह्यांच्या निवेदनापेक्षा या आराखड्याचं वजन जास्त आहे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. कलम २२ सांगतं की समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा तोच आधार राहील. कलम १९ आणि त्यासोबतच्या अनुसूचीत शाळेत काय असलंच पाहिजे याची यादी आहे: सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत, मुलगे आणि मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पुरेसं आणि सुरक्षित पिण्याचं पाणी, अडथळ्याविना ये-जा, कुंपण, ग्रंथालय, खेळाचं साहित्य आणि क्रीडांगण. तुमच्या तिन्ही मागण्या या यादीत आहेत. तुम्ही कृपा मागत नाही आहात. कायद्याने नगरपरिषदेवर टाकलेलं काम कुठे अडलंय ते दाखवताय. मुख्याध्यापकांना भेटून आराखडा शेवटचा कधी झाला ते पाहा. बऱ्याच शाळांत तो छापील नमुना भरून फाइलला लावलेला असतो, त्यात ‘आवश्यक दुरुस्ती’ यापलीकडे काही नसतं. समितीची बैठक घेऊन तो मोजमापांसह नव्याने करा, ठराव क्रमांक आणि तारीख टाका, आणि प्रत शिक्षण विभागाच्या प्रशासन अधिकाऱ्यांना व मुख्याधिकाऱ्यांना देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या.

त्याच सुमाराला यू-डायसची, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरली जाते. तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर असते. शाळेच्या अकरा अंकी क्रमांकाखाली ‘मुलींचे स्वच्छतागृह: आहे, वापरात’ आणि ‘क्रीडांगण: आहे’ असं भरलं गेलं असेल तर समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेच्या आराखड्यात तुमच्या शाळेला काहीच लागत नाही असा अर्थ निघतो. वरून विचारणा नको म्हणून ‘आहे’ भरण्याची सवय फार ठिकाणी आहे. माहिती पाठवण्याआधी मुख्याध्यापकांसोबत बसून ती खरी भरली जातेय ना, एवढं पाहा.

आता शिक्षण कराबद्दल. घरपट्टीच्या बिलावर दिसणारा राज्याचा शिक्षण उपकर १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियमाखाली घेतला जातो. नगरपरिषद तो फक्त वसूल करते आणि राज्य शासनाकडे भरते. तेव्हा ‘आमचा शिक्षण कर तुमच्याकडे आहे’ असं म्हणत मुख्याधिकाऱ्यांसमोर गेलात तर पहिल्याच मिनिटाला तुमचा मुद्दा पडतो. शिक्षकांच्या रिक्त जागांचंही असंच आहे. पदं संचमान्यतेने, म्हणजे पटानुसार शिक्षकसंख्या मंजूर करून, ठरतात आणि भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते, त्यामुळे ती मागणी या निवेदनात मिसळू नका. शिक्षणाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र द्या. इमारत, पाणी, स्वच्छता, वीजबिल, पहारेकरी, मैदान ही मात्र नगरपरिषदेचीच कामं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं नगरपालिकांच्या विषयांमध्ये स्पष्ट नोंदलेली आहेत.

मैदानाबाबत ‘सगळे म्हणतात’ यावर एक पाऊलही पुढे जाऊ नका. नगररचना विभागातून मंजूर विकास योजनेचा (शहरातली कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्याचा) भाग नकाशा आणि त्या गट क्रमांकाचा झोन दाखला घ्या. त्यावर आरक्षण क्रमांक आणि प्रयोजन असतं. मग त्याच जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. मालक म्हणून नगरपरिषदेचं नाव असेल तर प्रश्न फक्त विकासाच्या खर्चाचा. खाजगी मालकाचं नाव असेल तर आधी भूसंपादन, आणि ते काम फार मोठ्या रकमेचं असतं. नुसतं आरक्षण पडलं म्हणून जागा सार्वजनिक होत नाही.

जागा खाजगी निघाली तर एक गोष्ट ताबडतोब तपासा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ नुसार योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात हेही सांगितलंय की नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे. मैदानं अशीच गेली आहेत: नोटीस येते, फाइल टेबलावर राहते, मुदत संपते, आणि नागरिकांना कळतं तेव्हा तिथे पाया खणलेला असतो. तुमच्या जागेवर अशी नोटीस आली असेल तर तारीख काढा. मग छतापेक्षाही आधी संपादनाची तरतूद मागावी लागेल. याशिवाय कलम ३७ खाली आरक्षण बदलण्याची सूचना निघते तेव्हा हरकतींना एक महिना मिळतो. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात येते. तुमच्या गटातल्या एकाने ती पाहत राहण्याची जबाबदारी घ्यावी.

ही माहिती माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात नमुना ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांपर्यंत आणि एका अर्जात एकच विषय. म्हणून दोन अर्ज करा. पहिला नगररचनेकडे: आरक्षण क्रमांक अमुक, योजना लागू झाल्याची तारीख, कलम १२७ ची नोटीस आली असल्यास तिची प्रत, संपादनाच्या प्रस्तावाची प्रत. दुसरा लेखा विभागाकडे: गेल्या तीन वर्षांत शाळा इमारत दुरुस्ती आणि क्रीडांगण-उद्यान या लेखाशीर्षांवरची (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ओळींवरची) मूळ तरतूद, वर्षाच्या मधे बदललेली सुधारित तरतूद, प्रत्यक्ष खर्च, आणि या शीर्षांतून दुसरीकडे वळवलेल्या रकमांचे ठराव. ‘काम का झालं नाही?’ असं विचारू नका. कायदा नोंदी देतो, कारणमीमांसा देत नाही, आणि त्या एका प्रश्नावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. उत्तराची मुदत ३० दिवस. घाई असेल तर २०१८ च्या शासननिर्णयाप्रमाणे स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात, तो मार्ग घ्या.

लेखा विभागाचं उत्तर आलं की वादाचा रंग बदलतो. अंदाजपत्रकात प्रत्येक शीर्षापुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. शाळा दुरुस्तीला मूळ अंदाजात मोठी रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च तिच्या निम्म्याहूनही कमी, असं चित्र दिसलं तर ‘पैसे नाहीत’ हे उत्तर टिकत नाही. पैसे होते, ते खर्च झाले नाहीत किंवा वर्षाच्या मधेच वर्गीकरण करून रस्त्या-गटारांकडे गेले. काही ठिकाणी शीर्षापुढे हजार रुपयांची टोकन तरतूद दिसेल. तिने फक्त शीर्ष जिवंत राहतं, काम होत नाही. आणि ‘शाळा दुरुस्ती, सर्व शाळा’ अशी एकत्र रक्कम असेल तर ती ज्याचा आवाज मोठा त्या प्रभागात जाते. म्हणून शाळेच्या नावानिशी स्वतंत्र ओळ मागा.

छताची आणि मैदानाची मागणी एकत्र करू नका. छत तातडीचं आहे. ते पुढच्या वर्षाच्या अंदाजात टाकलं तर पैसे १ एप्रिलनंतर मोकळे होतात, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश यात दोन-अडीच महिने जातात, आणि शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा ठेकेदार नुकताच कोबा फोडत असतो. म्हणजे आणखी एक पावसाळा गेला. छतासाठी चालू वर्षाच्या सुधारित अंदाजपत्रकात तरतूद मागा, म्हणजे काम उन्हाळ्याच्या सुटीत होऊ शकेल. मैदान पुढच्या वर्षाच्या मूळ अंदाजात. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नवे कार्यादेश थांबतात, तोही हिशेब धरा.

मागणीचा कागद एका पानाचा असावा. छतासाठी साधारण असा:

‘शाळा क्र. __, खोली क्र. __ व __. छताचे क्षेत्र __ चौ. मी. काम: जुना कोबा काढणे, उतारासह नवीन वॉटरप्रूफिंग, पावसाळी पाइप __ नग. आधार: शाळा व्यवस्थापन समिती ठराव क्र. __, दि. __, शिक्षण हक्क अधिनियम २००९, कलम १९ व २२. मागणी: सन __ च्या सुधारित अंदाजपत्रकात शाळा इमारत दुरुस्ती या लेखाशीर्षाखाली शाळेच्या नावाने स्वतंत्र तरतूद. नगर अभियंत्यांनी स्थळपाहणी करून दि. __ पर्यंत अंदाजित खर्च सादर करावा. सोबत: छायाचित्रे, मोजमाप, आराखड्याची प्रत.’

रक्कम तुम्ही लिहू नका. ती अभियंता दरसूचीप्रमाणे काढतो. तुम्ही ठेकेदाराकडून आणलेला आकडा कमी निघाला तर तेवढ्यातच काम बसवण्याचा आग्रह होतो, जास्त निघाला तर ‘आवाक्याबाहेर’ म्हणून फाइल बंद होते. तुमचं काम परिमाण देणं आणि तारीख मागणं. कनिष्ठ अभियंत्याचा अंदाज नोव्हेंबरच्या आत तयार झाला पाहिजे, कारण अंदाज नसलेल्या कामाला लेखापाल रक्कम लावत नाही.

मैदानाच्या मागणीत मात्र अधिक खोलात जा, कारण ‘क्रीडांगण विकास’ या नावाखाली काय वाट्टेल ते बांधलं जातं. वीस गुंठे म्हणजे साधारण २,०२० चौ. मी., जागा चौरस असेल तर ४५ मीटर बाय ४५ मीटर. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, कबड्डीचं १३ बाय १०, व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. भोवतीची मोकळी जागा धरून खो-खोला ३३ बाय २२, कबड्डीला २१ बाय १८ आणि व्हॉलीबॉलला २४ बाय १५ एवढं लागतं. एका पट्ट्यात खो-खो आणि उरलेल्या पट्ट्यात कबड्डी व व्हॉलीबॉल शेजारी-शेजारी, अशी तिन्ही बरोबर बसतात. आता कडेने दोन मीटर रुंद पेव्हर ब्लॉकचा चालण्याचा ट्रॅक घातला की ३४४ चौ. मी. जातात, आत ४१ मीटर उरतात आणि व्हॉलीबॉल किंवा कबड्डी यांतलं एक बाद होतं. त्यात कोपऱ्यात ओपन जिम, मधे कारंजं आणि प्रवेशद्वाराला कमान आली की मुलांना पळायला जागा राहत नाही. ज्येष्ठांना चालायला जागा हवी हे खरंच आहे. त्यांच्यासाठी मैदानाच्या कडेची दाबलेली मातीची वाट पुरते आणि खेळ चालू नसताना सगळं मैदान त्यांचंच असतं. प्रमाणात काढलेला हाताचा नकाशा निवेदनाला जोडा. नकाशा सोबत असेल तर अभियंता त्यावरून अंदाज करतो. नसेल तर मागच्या कुठल्यातरी उद्यानाचा अंदाज उचलून लावतो.

जमिनीचं काम मोजून मागा. राडारोडा उचलणं, सपाटीकरण, कडेला पाण्याची चर, मग १५ सें.मी. दाबलेल्या मुरुमाचा थर आणि वर मातीचा हात. २,०२५ चौ. मी. वर १५ सें.मी. म्हणजे सुमारे ३०४ घनमीटर, म्हणजेच १०७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दाबल्यावर थर बसतो म्हणून सुटा मुरूम १३० ब्रासच्या आसपास लागतो. मैदान शेजारच्या रस्त्यापेक्षा खाली राहिलं तर पहिल्याच पावसात तळं होतं, म्हणून आधी रस्त्याची पातळी घ्यायला सांगा आणि शंभर फुटांना साधारण एक फूट असा उतार चरीकडे ठेवा. कुंपण, फाटक, पिण्याचा नळ आणि दोन स्वच्छतागृहं यांची तरतूद पहिल्याच वर्षी घ्या. दिवे दुसऱ्या वर्षी चालतील, पण ते आले की वीजबिलाची वार्षिक तरतूदही हवी. नाहीतर खांब उभे राहतात आणि जोडणी तोडली जाते. बांधकामाला पैसे सहज मिळतात, देखभालीला मिळत नाहीत. मैदानाच्या ठरावातच पहारेकरी, पाणी मारणं आणि वर्षातून एकदा मुरुमाची डागडुजी यासाठी महसुली खर्चातून दरवर्षीची रक्कम लिहून घ्या.

शाळेचं स्वतःचं मैदान नसेल तर ही जागा दोघांची करा: शाळेच्या वेळात शाळा, संध्याकाळी परिसर. वेळा, किल्ली कोणाकडे, लग्न-सभांचे मांडव द्यायचे की नाहीत, हे ठरावात लिहिलं नाही तर फाटकाला कुलूप लागतं किंवा बारा महिने खांबांचे खड्डे राहतात.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नात सगळं बसेलच असं नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, तिला स्थानिक संस्था अर्ज करू शकतात. जागेचा मालकीचा कागद, नकाशा आणि अंदाजपत्रक लागतं, म्हणजे तुम्ही वर जमवलेलंच. जिल्हा नियोजन समितीचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो. वित्त आयोगाच्या निधीतला एक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, उरलेला स्थानिक गरजांसाठी, पण पगार व आस्थापना त्यातून होत नाही. दिव्यांगांसाठी राखलेल्या ५ टक्क्यांतून उतार आणि त्यांना वापरता येईल असं स्वच्छतागृह मागता येतं. समग्र शिक्षेतून शाळेला येणारं संयुक्त अनुदान पटावर अवलंबून असतं. खेळ साहित्याचं अनुदान प्राथमिकला ५,००० आणि उच्च प्राथमिकला १०,००० रुपयांपर्यंत. ते चेंडू-दोऱ्यांना पुरतं, मैदानाला नाही. खासदार-आमदार निधीही मागा, पण त्याच्या भरवशावर नगरपरिषदेची तरतूद सोडू नका. ‘आमदार निधीतून होणार आहे’ असं सांगून कामं अंदाजपत्रकातून वगळली जातात आणि मग दोन्हीकडून राहतात.

हे वाचणारे महापालिका हद्दीत असतील तर तिथे आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, मग स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून कामं सुचवण्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतले जातात. अर्जांची मुदत अंदाजपत्रकाच्या कितीतरी महिने आधी संपते.

नगरपरिषदेच्या सभेत नागरिकांना बसून ऐकता येतं, बोलता मात्र येत नाही. तुमच्या वतीने नगरसेवकानेच बोलायला हवं. ज्यांनी फोटो काढला त्यांच्याकडे जानेवारीत जा आणि त्यांच्या हातात एक तयार उपसूचना, म्हणजे अंदाजपत्रकात बदल सुचवणारा मजकूर, द्या. तिच्यात फक्त ‘शाळेला पैसे द्या’ असेल तर अध्यक्ष विचारतील, आणायचे कुठून? म्हणून कुठल्या शीर्षातून किती कमी करायचे तेही लिहा. मागची तीन वर्षं ज्या शीर्षावर तरतूद पडून राहिली, ते शीर्ष तुमच्या माहिती अधिकाराच्या उत्तरातच सापडेल. एकाच पक्षाच्या सदस्यावर विसंबू नका, दोन वेगवेगळ्या बाकांवरून सूचक-अनुमोदक मिळाले तर विषय पक्षाचा राहत नाही. निवडून आलेले सदस्य नसून शासनाने नेमलेले प्रशासक असतील तर सभेचे अधिकार त्यांच्याकडे असतात. मग उपसूचना नसते, डिसेंबरातली भेट हीच संधी. भेटीला पाच जण जा, दोघांनी बोला. सह्या नव्याने घ्या आणि या वेळी प्रत्येक सहीपुढे पत्ता आणि ‘या शाळेत मूल आहे / नाही’ असा रकाना ठेवा.

एक आक्षेप नक्की येईल: पट घटतोय, मग शाळेवर खर्च कशाला? त्याला भावनेने उत्तर देऊ नका. परिसरातल्या अंगणवाड्यांकडून पुढच्या जूनला सहा वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलांची संख्या घ्या आणि ती मागणीला जोडा. गळकं छत आणि पाण्याविना स्वच्छतागृह बघून पालक मुलींचे दाखले काढून नेतात, आणि मग तोच कमी झालेला पट खर्च न करण्याचं कारण म्हणून पुढे येतो. हे थांबवणं नगरपरिषदेच्या हातात आहे, एवढं ठामपणे सांगा.

तरतूद छापून आली की फेब्रुवारीत सत्कार करू नका. मंजूर अंदाजपत्रकाचं पान आणि सभेचं इतिवृत्त घ्या. दर महिन्याला एकाने बांधकाम विभागात फाइल कुठे आहे ते विचारावं. काम सुरू झालं की कार्यादेशाची प्रत मागा, त्यात परिमाणं आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, असतो. मुरूम पडल्यावर, मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी, कनिष्ठ अभियंत्यासमोर तीन ठिकाणी खड्डा घेऊन थर मोजायला सांगा. १५ च्या जागी ८ सें.मी. निघाला तर बिल निघण्याआधीच तो दुरुस्त होऊ शकतो. वॉटरप्रूफिंगनंतर पाइपांची तोंडं बंद करून छतावर पाणी साठवून चाचणी घ्यायला लावा.

उपोषणाचं विचारलंत. आत्ता नको. उपोषण सोडवायला लेखी आश्वासन मिळतं, आणि ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हेही लेखी आश्वासनच होतं. फेब्रुवारीत तरतूद आली नाही तर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ खाली नगरपरिषदेकडे लेखी तक्रार करा. मुलांच्या हक्काविषयी कोणीही ती करू शकतं आणि तीन महिन्यांत तिच्यावर निर्णय द्यावाच लागतो. तक्रारीत अनुसूचीतल्या बाबी एकेक लिहा: सर्व ऋतूंत वापरता येणारी इमारत नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, क्रीडांगण नाही, सोबत तारखेचे फोटो, आराखड्याची पोच आणि माहिती अधिकारातली उत्तरं. निर्णय मान्य नसेल तर अपील महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जातं. त्यासाठी लागणारे कागद आजच्या पाहणीपासून एकाच फाइलमध्ये, तारखेच्या क्रमाने लावत चला, आणि मूळ प्रती शाळेत न ठेवता तुमच्याकडे ठेवा.